इलेक्ट्रिक एसयूव्ही किती वीज खाते आणि पर्यावरणाला किती महाग पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेऊ पाहणारे, नुकतीच घेतलेले आणि 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणारे, तिघांचेही प्रश्न फिरून फिरून हेच असतात. उत्तरांत आकडेमोड बरीच आहे, पण ती गुणाकार-भागाकाराच्या पुढची नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर आपल्या गाडीचा हिशेब तुम्हाला स्वतःच मांडता येईल, आणि तो तसा मांडावा अशीच माझी इच्छा आहे.

गाडी किफायतशीर आहे की नाही हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचं?

१०० किलोमीटरला किती युनिट वीज लागते, या एकाच आकड्यावरून. रेंजवरून, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्यावरून, अजिबात नाही.

पेट्रोलच्या गाडीबद्दल आपण 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारतो, 'टाकी केवढी आहे?' असं विचारत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मात्र सगळे टाकीचंच विचारतात. एका गाडीत ६० युनिटची बॅटरी आहे आणि ती ४०० किमी जाते. दुसरीत १०० युनिटची आहे आणि ती ५०० किमी जाते. जाहिरातीत दुसरी भाव खाऊन जाणार. पण पहिलीला १०० किमीला १५ युनिट लागतात आणि दुसरीला २०, म्हणजे त्याच अंतराला एक तृतीयांश वीज जास्त. शिवाय ती मोठी बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण आणि रोज वाहून न्यायचं तिचं ओझं वेगळंच.

गाडीच्या स्क्रीनवर हा आकडा बहुतेक वेळा 'वॉट-अवर प्रति किमी' असा दिसतो. १,००० वॉट-अवर म्हणजे एक युनिट, तेव्हा १८० दिसलं की १०० किमीला १८ युनिट समजायचं. काही गाड्या एका युनिटमध्ये किती किमी ते दाखवतात, तिथे ५.५ म्हणजे जवळपास तेच.

मग चांगला आकडा कोणता?

आटोपशीर एसयूव्हीला १५ ते १७ युनिट, मधल्या आकाराच्या गाडीला १७ ते २०, तीन रांगांच्या मोठ्या गाडीला २२ ते २५. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या चाचणीत टेस्लाची मॉडेल वाय साधारण १७-१८ युनिटांत बसते. त्याच चाचणीत हमर ईव्ही पिकअपला १०० किमीला ४४ युनिटांच्या आसपास लागतात. या हमरचं वजन चार टनांच्या वर आहे आणि त्यातली नुसती बॅटरीच तेराशे किलोंच्या घरात जाते. एखादी छोटी कार तेवढ्या वजनात आख्खी बसेल. दोन्ही गाड्यांमागून धूर येत नाही, पण एकीच्या विजेत दुसरी अडीच वेळा तेवढंच अंतर जाते.

कंपनीने सांगितलेली रेंज रस्त्यावर का मिळत नाही?

कारण चाचणीचा रस्ता आणि तुमचा रस्ता एक नाही. युरोपात पूर्वी एनईडीसी नावाची चाचणी होती. तिच्यातला वेग इतका मऊसूत होता की तिचे आकडे कुणालाच मिळत नसत. २०१७ पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपीने घेतली. ती बरीच बरी आहे, तरी तिच्यातला सरासरी वेग ताशी ४६-४७ किमी, तापमान सुखद २३ अंश आणि एसी बंद. ईपीए प्रयोगशाळेतल्या आकड्याला कात्री लावते आणि पुष्कळदा थेट ०.७ ने गुणते. म्हणून एकाच गाडीची ईपीए रेंज डब्ल्यूएलटीपीपेक्षा कमी दिसते. गाडी तीच असते, मोजपट्टी वेगळी असते.

दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत ना, एवढं आधी पाहा. या एका गल्लतीमुळे माणसं हुशार असूनही चुकीची गाडी निवडताना मी पाहिली आहेत.

वेगाने खरंच इतका फरक पडतो?

पडतो, आणि एसयूव्हीला सगळ्यांत जास्त पडतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दीडपट झाला की विरोध सव्वादोन पट. तो गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर आणि आकाराच्या गुळगुळीतपणावरही ठरतो. नेहमीच्या एसयूव्हीचं समोरचं क्षेत्रफळ २.६ चौरस मीटर आणि विरोधाचा गुणांक ०.२९ धरा. ताशी ८० किमीला केवळ हवा बाजूला सारायला प्रत्येक किलोमीटरमागे ६२ वॉट-अवर जातात. १०० ला ९७ आणि १२० ला १४०. टायर, एसी, मोटरमधली घट हे सगळं याच्यावर वेगळं. आता बुटकी, निमुळती सेडान घ्या. क्षेत्रफळ २.२ आणि गुणांक ०.२३ धरला, तर १०० च्या वेगाला तिला ६५ पुरतात.

एका मोकळ्या महामार्गावर मी हे मुद्दाम करून पाहिलं होतं. क्रूझ कंट्रोल ११० वर लावला, वीस किलोमीटर गेलो, स्क्रीनवर २१४. परतताना त्याच रस्त्याला ८५ ठेवला, १६१. वारा पडलेला होता, रस्ता सपाट होता, गाडीत मी एकटाच. बदललं होतं ते फक्त उजव्या पायाचं वजन. वीस किलोमीटरला तीन-सव्वातीन मिनिटं जास्त लागली आणि पाव हिस्सा वीज वाचली.

एसयूव्हीचं वजन जास्त असतं, त्याचं काय?

वजनाचा भुर्दंड तीन ठिकाणी बसतो.

पहिला टायरच्या घर्षणात. २,२०० किलोच्या गाडीला टायर फिरवायलाच किलोमीटरमागे ५४ वॉट-अवरच्या आसपास लागतात, १,६०० किलोच्या गाडीला ३९. हा भुर्दंड वेग कमी केला तरी सुटत नाही. दुसरा चढावर. तीच २,२०० किलोची गाडी घाटात ५०० मीटर वर चढवली की तेवढ्यासाठी ३ युनिट जातात. तिसरा दर वेळी थांबून निघताना. ही गाडी ताशी ६० वर आणायला ८५ वॉट-अवर लागतात, आणि शहरात हे दिवसातून कितीतरी वेळा होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी मात्र इलेक्ट्रिक गाडीला गेलेल्यातलं बरंच परत मिळवता येतं. पेट्रोलच्या गाडीला ते जमत नाही.

रीजनरेटिव्ह ब्रेकिंगने नेमकं किती परत मिळतं?

पाय उचलला की मोटर जनरेटर होते आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते. वाटेत थोडी सांडतेच. शंभरपैकी शंभर परत येत नाहीत, ६० ते ७० टक्के आले तरी चांगलं. घाट चढताना तीन युनिट गेली असतील तर उतरताना दोनच्या आसपास हाताला लागतात. अर्थात उतार इतका बेताचा असावा की ब्रेक लायनर न घासता मोटरच गाडी धरून ठेवेल.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. बॅटरी १०० टक्के भरून घाटमाथ्यावरून निघालात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. गाडी रीजन जवळपास बंद करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. वीज वाचते आणि ब्रेकही तापत नाहीत.

आणि रीजन म्हणजे फुकटची वीज नव्हे. गाडी नुसती घरंगळू देणं हे ब्रेक लावून वीज परत घेण्यापेक्षा केव्हाही फायद्याचं. पुढचा सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय हलका करणारा माणूस रीजनच्या भरवशावर शेवटच्या क्षणी थांबणाऱ्यापेक्षा कमी वीज वापरतो.

स्क्रीनवरचा आकडा आणि विजेचा मीटर जुळत का नाही?

कारण स्क्रीन बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजते आणि मीटर भिंतीतून गेलेली. मधली गळती स्क्रीनला दिसतच नाही.

माझ्या गाडीत एक वही असते. चार्जिंगच्या आधी आणि नंतर मीटरवरचा आकडा मी तिच्यात लिहितो, शेजारी गाडीने दाखवलेला. एक नोंद अशी आहे: मीटरप्रमाणे ४१.६ युनिट, बॅटरीत ३६.९. म्हणजे ११ टक्के वाटेतच गेले. थोडे केबल तापण्यात, बरेचसे गाडीतल्या चार्जरमध्ये घरच्या एसी विजेचं (प्रत्यावर्ती प्रवाहाचं) बॅटरीला लागणाऱ्या डीसीत (एकदिश प्रवाहात) रूपांतर होताना, आणि उरलेले पंप, पंखे नि संगणक जागे ठेवण्यात.

यातला शेवटचा भाग फार कुणाच्या ध्यानात येत नाही. चार्ज होताना गाडीची ही आतली यंत्रणा समजा ३०० वॉट घेते. साध्या सॉकेटवरून २,३०० वॉटने चार्ज केलं तर त्यातले १३ टक्के तिथेच संपतात. ७,२०० वॉटच्या वॉलबॉक्सवर, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या चार्जरवर, तेच ३०० वॉट जेमतेम ४ टक्के होतात. हळू चार्जिंग बॅटरीला सोसतं हे खरं, पण अगदीच मुंगीच्या पावलांनी केलं तर वीज वाया जाते. घरी वॉलबॉक्स असेल तर तोच वापरा.

पर्यावरणाच्या हिशेबाला मीटरचाच आकडा धरायचा. वीजकेंद्रात कोळसा जळतो तो भिंतीतून गेलेल्या युनिटांसाठी.

फास्ट चार्जर वापरला तर?

तिथे एसीचं डीसी गाडीबाहेर होतं, त्यामुळे गळती तुमच्या गाडीत दिसत नाही. ती त्या यंत्रात होते. शिवाय बॅटरी थंड ठेवायला वीज जाते. लांबच्या प्रवासात बिनदिक्कत वापरा, रोजची सवय करू नका.

थंडीत आणि कडक उन्हात आकडा किती बिघडतो?

उन्हात कमी, थंडीत फार.

पेट्रोलचं इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की केबिन तापवायला वेगळं काही जाळावं लागत नाही. इलेक्ट्रिक मोटरकडे अशी वाया जाणारी उष्णता फारशी नसते, म्हणून ती बॅटरीतून घ्यावी लागते. साधा हीटर ३ ते ५ किलोवॉट खेचतो. आता वेगाचा खेळ पाहा. ३ किलोवॉटचा हीटर लावून ताशी ३० ने रखडत गेलात तर किलोमीटरमागे १०० वॉट-अवर नुसत्या ऊबेसाठी जातात. ताशी ९० ला तेच ३३. म्हणून कडाक्याच्या थंडीत शहरातल्या छोट्या फेऱ्या सगळ्यांत महाग पडतात, आणि एसयूव्हीचं ऐसपैस केबिन तापायला वेळही जास्त घेतं.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र, असलेली गाडी हेच काम निम्म्या किंवा त्याहून कमी विजेत करते. थंड प्रदेशात राहणाऱ्याने पॅनोरॅमिक काचेचं छत सोडून द्यावं आणि हीट पंप मागून घ्यावा. गाडी प्लगला लावलेली असतानाच केबिन तापवून किंवा थंड करून घेतलंत तर बॅटरीवरचा तेवढा भार टळतो. सीट आणि स्टिअरिंग तापवायला फार थोडी वीज लागते, ती सोय असेल तर आधी तीच वापरा.

वीज कोळशावर तयार होत असेल तर धूर फक्त गावाबाहेर गेला, एवढंच ना?

हा प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला उडवून लावू नये.

एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० किमीला ९ लिटर पिणारी एसयूव्ही धुराड्यातून सुमारे २१ किलो सोडते. तेल काढणं, वाहून आणणं, शुद्ध करणं हे धरलं की आकडा २५ च्या आसपास जातो.

इलेक्ट्रिक एसयूव्हीला मीटरवर २० युनिट लागतात असं धरू. वीज कशापासून आली यावर पुढचं सगळं ठरतं. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात प्रत्येक युनिटमागचं उत्सर्जन, केंद्र बांधण्यापासूनचं सगळं धरून, दिलं आहे. त्यांचे मध्यक असे: कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. जुनाट कोळसा केंद्र आणि तारांमधली गळती धरली तर कोळशाचं युनिट १,००० ग्रॅमपर्यंतही जातं.

म्हणजे निव्वळ जुन्या कोळशावर चालणारी इलेक्ट्रिक एसयूव्ही १०० किमीला २० किलो सोडते आणि पेट्रोलची २५. फायदा आहे, पण टाळ्या वाजवण्यासारखा नाही. ५०० ग्रॅमच्या मिश्र विजेवर १० किलो. ५० ग्रॅमच्या स्वच्छ विजेवर फक्त १.

कोळशावरसुद्धा ती मागे पडत नाही याचं कारण इंजिनात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये ८.९ युनिट ऊर्जा असते. ९ लिटर म्हणजे ८० युनिट. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक गाडी २० मध्ये भागवते. उरलेल्या ऊर्जेने इंजिन मुख्यतः रेडिएटर आणि सायलेन्सर तापवतं.

आणि धूर गावाबाहेर जाणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. शाळेच्या फाटकासमोर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्या आठवा. मोठ्यांपेक्षा मुलांची नाकं सायलेन्सरच्या जास्त जवळ असतात. तो नायट्रोजन ऑक्साइडचा आणि काजळीचा मारा इलेक्ट्रिक गाडीने थांबतो, वीज कुठूनही आलेली असो.

बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण किती किलोमीटरनंतर फिटतं?

सगळ्यांत जास्त अर्धवट माहिती याच प्रश्नावर फिरते. स्वीडनच्या आयव्हीएल या पर्यावरण संस्थेने २०१७ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड असा अंदाज दिला होता. 'इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा वाईट' अशा बातम्यांचं मूळ पुष्कळदा तिथे सापडतं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये नव्या कारखान्यांची माहिती घेऊन तो आकडा ६१ ते १०६ वर आणला. जुना आकडा मात्र अजून फिरतोच आहे.

आपण ८० धरू. ७५ युनिटची बॅटरी म्हणजे ६ टन. गाडी कारखान्यातून निघते तेव्हाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा एवढं कर्ज तिच्या डोक्यावर असतं. आता वरचेच आकडे लावा.

जुन्या कोळशाच्या विजेवर १०० किमीमागे ५ किलो वाचतात, म्हणजे कर्ज फिटायला १,२०,००० किमी. ५०० ग्रॅमच्या विजेवर १५ किलो वाचतात, ४०,००० किमी पुरतात. ५० ग्रॅमच्या विजेवर २५,०००.

बॅटरी ७५ ऐवजी ५० युनिटची घेतलीत तर हे तिन्ही आकडे एक तृतीयांशाने खाली येतात. रोज ४० किमी जाणारा आणि वर्षातून दोनदा लांब जाणारा माणूस त्या दोन दिवसांसाठी वर्षभर दीडशे किलोंच्या आसपास जादा बॅटरी फिरवतो. ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती मी दर वेळी बोलून दाखवतो.

स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने २०२१ मध्ये गाडीच्या जन्मापासून मोडीत निघेपर्यंतचा हिशेब चार ठिकाणी मांडला होता. त्या वर्षी रस्त्यावर आलेल्या मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन पेट्रोलच्या तुलनेत युरोपात ६६ ते ६९ टक्के, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५ आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी निघालं. हा सगळा फरक मुख्यतः विजेचा आहे. ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, स्वच्छ होत जातं तशी रस्त्यावरची तीच गाडीही वर्षागणिक स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीच्या नशिबी हे नाही.

मग हायब्रिड बरी नाही का?

कोळशाच्या ग्रीडवर, जड एसयूव्हीच्या तुलनेत, होय, बरी पडू शकते. १०० किमीला साडेपाच लिटर घेणारी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेली गाडी, सगळं धरून १५ किलोच्या आसपास सोडते. १,००० ग्रॅमच्या विजेवरची इलेक्ट्रिक एसयूव्ही २० सोडते. इथे हायब्रिड जिंकते. ५०० ग्रॅमच्या विजेवर पारडं फिरतं, पण बॅटरीचं कर्ज फिटायला १,२०,००० किमी लागतात. आकडे असं म्हणत असताना मी सरसकट 'इलेक्ट्रिकच घ्या' म्हणणार नाही.

पण त्याच रांगेत एक छोटी इलेक्ट्रिक गाडीही उभी करून पाहा: ४० युनिटची बॅटरी, १०० किमीला १४ युनिट. कर्ज ३.२ टन, आणि ५०० ग्रॅमच्या विजेवर १०० किमीला ७ किलो. हायब्रिडसमोर हे कर्ज ४०,००० किमीत फिटतं.

लिथियम आणि कोबाल्टच्या खाणींचं काय?

तिथे खरोखरच माणसं आणि जमीन भरडली जातात. जगातल्या कोबाल्टपैकी बहुतांश काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निघतं, आणि त्यातला काही भाग हाताने खणलेल्या, कोणतीही सुरक्षितता नसलेल्या खाणींतून येतो. तिथे मुलंही राबतात. निकेलचा मोठा वाटा इंडोनेशियाचा आहे, जंगल तोडून आणि कोळशावर भट्ट्या चालवून काढलेला. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात लिथियमसाठी खारं पाणी उपसून उन्हात वाळवतात, आणि त्या कोरड्या भागात पाण्याचा प्रत्येक थेंब वादाचा आहे.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटरीत कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. ती त्याच क्षमतेला थोडी जड असते, थंडीत जरा कुरकुरते, पण जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते. रोजच्या वापराची एसयूव्ही घेणाऱ्याला मी एलएफपीच सुचवतो. बॅटरी कोणती आहे हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. पुष्कळदा त्यालाही ते शोधून सांगावं लागतं.

टायरच्या धुळीचं प्रदूषण इलेक्ट्रिक गाड्या जास्त करतात म्हणे?

ब्रेकची धूळ कमी, टायरची जास्त, असा तो मामला आहे. रीजनमुळे ब्रेक लायनर वर्षानुवर्षं टिकतात. पण जड गाडी आणि उभ्या जागी मिळणारी प्रचंड ओढ टायर लवकर खाते. टायरमधलं ६-पीपीडी हे रसायन ओझोनशी संयोग पावून जे विष बनतं, त्याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे मरतात, हे २०२० मध्ये उघड झालं. ते पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरूनच तिथे जात होतं.

युरोपच्या २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकचे कण आणि टायरची झीज यांवर मर्यादा आल्या, आणि त्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही लागू आहेत. बाकी तुमच्या हातात आहे ते असं: हवेचा दाब दर पंधरवड्याला पाहा, सिग्नल सुटताच उडी मारू नका, मोठ्या रिमच्या मोहात पडू नका. लहान रिमचा, कमी घर्षणाचा टायर वीजही वाचवतो.

बॅटरी किती वर्षं टिकते आणि नंतर कुठे जाते?

युरो ७ मध्ये कारच्या बॅटरीसाठी किमान अट अशी आहे: ५ वर्षं किंवा १ लाख किमीनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के, आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीनंतर ७२ टक्के शिल्लक हवी. म्हणजे गाडी त्यानंतरही चालते, फक्त एका चार्जमध्ये जरा कमी जाते. गाडीतून निवृत्त झालेली बॅटरी सौर वीज साठवायला वापरता येते, तिथे वजनाची पर्वा नसते.

मग रिसायकलिंग. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार २०२७ अखेर जुन्या बॅटरीतलं ५० टक्के लिथियम आणि ९० टक्के कोबाल्ट, निकेल, तांबं परत काढावं लागेल. २०३१ अखेर हेच आकडे ८० आणि ९५ होतात. नियम नसलेल्या ठिकाणी जुनी बॅटरी कुठे जाते हे विचारणं गाडीमालकावर येतं, आणि गाडी घेतानाच ते विचारलेलं बरं.

कोणत्या वेळी चार्ज करणं चांगलं?

तुमच्या ग्रीडवर सौर वीज भरपूर असेल तर दुपारी, पवन किंवा जलविद्युत असेल तर बहुधा मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी घरी येताच प्लग लावणं सगळ्यांत वाईट, कारण तेव्हाच मागणी शिगेला पोचते आणि ती पुरवायला कोळशाची आणि वायूची केंद्रं ताणली जातात. गाडीत टायमर असतो. एकदा लावून टाका.

माझी पेट्रोल गाडी धडधाकट आहे. ती विकून इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊ का?

वर्षाला पाच-सहा हजार किमीच चालवत असाल तर थांबा. ५०० ग्रॅमच्या विजेवरही बॅटरीचं ४०,००० किमीचं कर्ज फेडायला तुम्हाला सात-आठ वर्षं लागतील. वर्षाला वीस हजार चालवत असाल तर ते दोन वर्षांत फिटतं, मग उशीर करण्यात अर्थ नाही. जास्त पळणारी गाडी आधी इलेक्ट्रिक व्हावी. घरात दोन गाड्या असतील तर हाच निकष लावा.

टेस्ट ड्राइव्हमध्ये कार्यक्षमता तपासता येते का?

येते. विक्रेता शेजारी बसून साउंड सिस्टिमचं कौतुक करत असतो, तेव्हा तुम्ही ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान १५ किमी जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्हीकडून समान लागतो. एसी तुम्ही रोज ठेवता त्याच तापमानाला ठेवा. ड्राइव्ह मोड इको किंवा नॉर्मल, पण तुलना करायच्या दोन्ही गाड्यांना तोच. आधीची माणसं गाडी पळवून गेली असतील तर बॅटरी तापलेली असते, आणि सकाळची पहिलीच फेरी असेल तर थंडगार. जमल्यास दोन्ही गाड्या दिवसाच्या एकाच वेळी चालवा. परतल्यावर वॉट-अवरचा आकडा लिहून घ्या, आणि त्याच्यात चार्जिंगच्या गळतीचे दहा-बारा टक्के घालायला विसरू नका. मग वरच्या कोळशाच्या आणि बॅटरीच्या हिशेबात तुमच्या भागातल्या विजेचा आकडा टाका. हा हिशेब वीस मिनिटांचं काम आहे, आणि ते गाडीची सही होण्याआधी करायचं.